पासष्ट सामने, सात मोसम: युडॉनिस हॅस्लेमच्या जागेचा हिशेब

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत प्रत्येक संघाला नियमित करारावर पंधरा खेळाडू ठेवता येतात आणि त्या एकेका जागेसाठी जगभरातले कितीतरी खेळाडू आयुष्याची उमेदीची वर्षे पणाला लावतात. मायामी हीट या संघाने २०१६-१७ ते २०२२-२३ या सलग सात मोसमांत त्यांपैकी एक जागा युडॉनिस हॅस्लेम या फॉरवर्डला दिली. त्या सात वर्षांत संघ नियमित मोसमाचे ५५५ सामने खेळला आणि हॅस्लेम त्यांपैकी ६५ सामन्यांत कोर्टवर उतरला. वर्षवार पाहिले तर हे आकडे १६, १४, १०, ४, १, १३ आणि ७ असे आहेत. या काळात संघ दोनदा अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, म्हणजे जागा वाया घालवणे परवडावे असा हा दुबळा संघ नव्हता. मग ही जागा त्याला का दिली गेली, तिची खरी किंमत काय होती आणि तिच्यातून संघाला काय मिळाले, हे या प्रकरणात तपासायचे आहे. या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या सात वर्षांत शोधले तर हाती फारसे लागत नाही. त्याआधीच्या तेरा मोसमांत हॅस्लेम कसा खेळला हे नीट पाहिल्याशिवाय त्या जागेचा अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे.

हॅस्लेमचा जन्म ९ जून १९८० रोजी मायामीत झाला आणि शालेय बास्केटबॉलही तो त्याच शहरात खेळला. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघात तो १९९८ ते २००२ अशी चार वर्षे प्रशिक्षक बिली डोनोव्हन यांच्या हाताखाली खेळला. २००० साली हा संघ राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि मिशिगन स्टेटकडून ८९-७६ असा हरला. त्या पराभवात हॅस्लेमचे गुण होते २७. तरीही २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, दोन्ही फेऱ्या संपेपर्यंत कोणत्याही संघाने त्याचे नाव घेतले नाही. त्यामागची कारणे समजण्यासारखी होती. महाविद्यालयात तो सेंटर म्हणून, बास्केटच्या अगदी जवळ खेळत असे, पण त्याची उंची ६ फूट ८ इंच होती आणि एनबीएत त्या जागेवर जवळजवळ सात फुटी माणसे उभी असत. फॉरवर्ड म्हणून खेळायचे तर लागणारी चपळाई त्याच्या तेव्हाच्या जड शरीरात नव्हती. त्याचा आकार एका जागेला कमी पडत होता आणि दुसऱ्या जागेला जास्त होत होता.

पुढचा मोसम त्याने फ्रान्समधल्या शालों-सुर-सोन या शहराच्या संघाकडून काढला आणि तिथे बरेच वजन उतरवले. नोकरी टिकवण्यासाठी स्वतःचे शरीरच नव्याने घडवण्याचा हा निर्णय पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया ठरला. २००३ च्या उन्हाळ्यात मायामी हीटने त्याला करारबद्ध केले. संघाचे सूत्रधार पॅट रायली शारीरिक तयारीच्या बाबतीत अतिशय कडक म्हणून प्रसिद्ध होते, खेळाडूंच्या शरीरातल्या चरबीचे प्रमाणही तिथे मोजले जाई, आणि नुकतेच शरीर घडवून आलेल्या माणसाला यापेक्षा अनुकूल जागा मिळाली नसती. त्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला ड्वेन वेडही या संघात आला होता. पहिला मोसम संपला तेव्हा नवोदितांच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात हॅस्लेमचा समावेश झाला.

तो खेळत असे ते बास्केटबॉल कसे होते, हे थोडे तपशिलात सांगणे आवश्यक आहे, कारण ते गुणफलकावर फार थोडे दिसते. प्रतिस्पर्ध्याने चेंडू बास्केटकडे फेकला की बहुतेकांची नजर चेंडूबरोबर वर जाते. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेणारा कसबी खेळाडू त्या क्षणी चेंडूकडे न पाहता आधी आपल्या जोडीचा माणूस शोधतो, त्याच्या छातीला पाठ टेकवतो, गुडघे वाकवून कंबर खाली नेतो आणि त्याला बास्केटपासून दूर ढकलत नेतो. उडी सर्वांत शेवटी येते. उंचीने कमी असलेल्याला हे प्रत्येक वेळी करावे लागते, एकदाही चुकवून चालत नाही, आणि एका सामन्यात असे कितीतरी प्रसंग येतात. चेंडू अखेर सहकाऱ्याच्या हातात पडला तर रिबाउंडची नोंद त्याच्या नावावर होते आणि ज्याने जागा मोकळी केली त्याच्या नावावर काहीच लागत नाही. वेगाने चाल करून येणाऱ्या खेळाडूच्या वाटेत आधी जाऊन उभे राहणे आणि त्याची धडक छातीवर घेणे, वेडसारख्या खेळाडूसाठी बचावपटूला अडवणारी भिंत होऊन उभे राहणे, आपला माणूस सोडून सहकाऱ्याच्या मदतीला धावणे आणि पुन्हा आपल्या माणसाकडे परतणे, ही सारी कामे याच जातीची. हॅस्लेमने ती रोजची केली. आक्रमणात त्याच्याकडे एकच भरवशाचे हत्यार होते: भिंत उभी करून झाली की बाजूला सरकायचे आणि कोर्टच्या टोकाच्या रेषेजवळून, बास्केटपासून साधारण पाच मीटरवरून, मोकळा फटका मारायचा. वेडकडे दोन बचावपटू धावले की ही जागा रिकामी पडे, आणि वेडला न बघताही ठाऊक असे की हॅस्लेम तिथेच उभा असणार.

याचे मोल २००६ च्या अंतिम फेरीत दिसले. समोर डॅलस मॅव्हरिक्स होते आणि त्यांचा आधारस्तंभ डर्क नोवित्झ्की हा सात फुटी फॉरवर्ड होता, ज्याचा मागे झुकून मारलेला फटका अडवणे अशक्य मानले जाई. त्याला रोखण्याचे मुख्य काम हॅस्लेमकडे होते. उंचीने तो फटका रोखता येत नाही. म्हणून चेंडू हातात येण्याआधीच नोवित्झ्कीला त्याच्या आवडत्या जागेपासून दोन पावले मागे ढकलायचे, त्याच्या कमरेजवळ चिकटून राहायचे आणि तोल जमू द्यायचा नाही, असा तो सगळा प्रयत्न होता. त्या मालिकेत नोवित्झ्कीच्या यशस्वी फटक्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली राहिले. हे श्रेय हॅस्लेमला एकट्याला देणे चुकीचे ठरेल, जेम्स पोझी आणि मागून येणारी मदत यांचाही त्यात वाटा होता, परंतु अंगावरची पहिली झुंज त्याची होती. पहिले दोन सामने हरलेल्या मायामीने पुढचे चार जिंकून संघाचे पहिले विजेतेपद मिळवले आणि निर्णायक सहाव्या सामन्यात हॅस्लेमने १७ गुण आणि १० रिबाउंड मिळवले.

या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र कोर्टबाहेरचा आहे. २०१० च्या उन्हाळ्यात हॅस्लेमचा करार संपला. त्याच उन्हाळ्यात लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश मायामीत आले आणि वेड तिथेच राहिला. डेन्व्हर आणि डॅलस हे संघ हॅस्लेमला पाच वर्षांसाठी सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर देण्यास तयार असल्याच्या बातम्या त्या वेळी प्रसिद्ध झाल्या होत्या. त्याने मायामीशी पाच वर्षांचा सुमारे २ कोटी डॉलरचा करार केला. या व्यवहाराची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे: जेम्स, बॉश आणि वेड या तिघांनी कमाल वेतनापेक्षा थोडे कमी घेतले, त्यामुळे वेतनमर्यादेत, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, जी जागा उरली तिच्यातून हॅस्लेमला ठेवता आले. स्पर्धेतल्या तीन सर्वांत नावाजलेल्या खेळाडूंनी ज्याच्यासाठी स्वतःच्या पगारातून पैसे सोडले, तो सामन्याला सरासरी दहा गुणही न मिळवणारा फॉरवर्ड होता. त्याच्याबरोबर आणि त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्यांनी केलेले हे मूल्यमापन मला कोणत्याही आकडेवारीइतकेच विश्वासार्ह वाटते.

त्या कराराच्या पहिल्याच मोसमात, नोव्हेंबर २०१० मध्ये, त्याच्या डाव्या पावलाच्या मधल्या भागातल्या अस्थिबंधाला गंभीर दुखापत झाली आणि नियमित मोसमात तो केवळ १३ सामने खेळू शकला. तो परतला थेट मे महिन्यात, बाद फेरीत. शिकागोविरुद्धच्या विभागीय अंतिम मालिकेतील पहिला सामना मायामीने गमावला होता. दुसऱ्या सामन्यात हॅस्लेमने बाकावरून उतरून १३ गुण केले आणि संघाने बरोबरी साधली. पुढच्या वर्षी, मे २०१२ मध्ये, इंडियानाविरुद्ध मायामी १-२ असा मागे होता आणि बॉश जायबंदी होता. चौथ्या सामन्यात कोपर लागून हॅस्लेमच्या उजव्या डोळ्याच्या वर जखम झाली, नऊ टाके पडले, आणि पट्टी बांधून तो परत आला. अखेरच्या सत्रात इंडियानाचे सगळे लक्ष जेम्स आणि वेडवर असताना त्याने त्याच जुन्या जागांवरून फटके मारत तो सामना हातचा जाऊ दिला नाही.

याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात घडलेली गोष्ट वगळली तर हे चित्र खोटे ठरेल. इंडियानाच्या टायलर हॅन्सब्रोने वेडला जोरात पाडले आणि त्यानंतर थोड्याच वेळात हॅस्लेमने हॅन्सब्रोच्या चेहऱ्यावर दोन्ही हातांनी आघात केला. स्पर्धेच्या व्यवस्थापनाने त्याला एका सामन्यासाठी निलंबित केले. सहकाऱ्याचा बदला घेणे म्हणून या कृतीचे कौतुक करणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला ते पटत नाही. समोरच्याला इजा होऊ शकेल असा तो आघात होता आणि त्याने स्वतःच्या संघालाही पुढच्या सामन्यात एका गरजेच्या खेळाडूवाचून ठेवले. कणखर खेळ आणि हिंसा यांच्यामधली रेषा हॅस्लेमने बहुतेक वेळा सांभाळली. त्या रात्री त्याने ती ओलांडली. मायामीने ती मालिका जिंकली आणि पुढे २०१२ व २०१३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. नोव्हेंबर २०१२ मध्ये हॅस्लेमने अलॉन्झो मोर्निंगला मागे टाकून मायामीच्या इतिहासात सर्वाधिक रिबाउंड घेणारा खेळाडू होण्याचा मान मिळवला. ड्राफ्टमध्ये निवड न झालेल्या खेळाडूने एखाद्या संघाचा हा विक्रम आपल्या नावे करण्याची एनबीएतली ती पहिलीच वेळ होती.

त्यानंतर खेळच बदलला. पाच मीटरवरून मारलेल्या फटक्याचे दोन गुण मिळतात आणि ७.२४ मीटरच्या रेषेबाहेरून मारलेल्याचे तीन. शंभरांतले चाळीस फटके यशस्वी करणारा मधल्या अंतराचा खेळाडू त्यातून ऐंशी गुण मिळवतो, तर तीन गुणांच्या रेषेबाहेरून पस्तीसच फटके साधणारा एकशे पाच. संघांनी हे गणित मनावर घेतले आणि फॉरवर्डकडून रेषेबाहेरून नेम मारण्याची अपेक्षा होऊ लागली. हॅस्लेमचे ते हत्यार कधीच नव्हते. शिवाय शेकडो धडका सोसलेले त्याचे शरीर पस्तिशी ओलांडत होते. २०१५-१६ मध्ये तो ३७ सामने खेळला, २०१६ च्या उन्हाळ्यात वेड शिकागोला गेला, आणि आपल्या प्रकरणातला तो सात वर्षांचा काळ सुरू झाला.

त्या जागेची किंमत आता काटेकोरपणे मांडता येते. २०१६-१७ मध्ये त्याला सुमारे ४० लाख डॉलर मिळाले आणि त्यानंतर दर वर्षी तो अनुभवी खेळाडूंच्या किमान वेतनावर एकेका वर्षाचा करार करत राहिला. एनबीएच्या नियमानुसार अशा एका वर्षाच्या किमान करारात, दोन वर्षांचा अनुभव असलेल्या खेळाडूच्या किमान वेतनाहून जी जास्तीची रक्कम असते ती संघाऐवजी स्पर्धेच्या निधीतून दिली जाते आणि संघाच्या वेतनमर्यादेतही तेवढीच कमी रक्कम मोजली जाते. २०२२-२३ मध्ये त्याचे वेतन सुमारे २९ लाख डॉलर होते, पण संघाच्या हिशेबात सुमारे १८ लाख ४० हजारच धरले गेले. पैशाच्या दृष्टीने पंधरावा खेळाडू याहून फारसा स्वस्त मिळत नाही.

खरी किंमत जागेची होती आणि टीकाकारांचा मुद्दा तोच होता: या जागेवर एखादा तरुण घडवता आला असता. हा आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे वजन २०१७ नंतर कमी झाले, हे टीकाकारांच्या नजरेतून सुटते. त्या वर्षापासून प्रत्येक संघाला पंधरांच्या बाहेर दोन खेळाडू दुहेरी करारावर ठेवता येऊ लागले. असे खेळाडू मुख्य संघ आणि त्याचा विकास संघ यांच्यामध्ये ये-जा करतात. मायामीने हा मार्ग फार चांगला वापरला. डंकन रॉबिन्सन, गेब व्हिन्सेंट, मॅक्स स्ट्रस आणि केलेब मार्टिन हे चौघेही याच दुहेरी करारावर मायामीत आले आणि चौघेही ड्राफ्टमध्ये निवड न झालेले होते. तरुण घडवण्याचे काम या दोन जागांतून होत होते. पंधरावी जागा त्यासाठी अडलेली नव्हती. शिवाय या काळाच्या सुरुवातीच्या वर्षांत सामन्याच्या दिवशी तेरा खेळाडूच गणवेशात बसू शकत, त्यामुळे चौदावा आणि पंधरावा माणूस एरवीही खेळलाच नसता. दुखापतींची रांग लागली की मात्र ही कमतरता जाणवे आणि त्या दिवसांत टीका रास्त होती.

मिळकतीची बाजू मोजायला अवघड आहे. प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा आणि खेळाडू वारंवार सांगत की कपड्यांच्या खोलीत आणि सरावात संघाची शिस्त हॅस्लेम राखतो. अशा विधानांवर मी एरवी सहज विश्वास ठेवत नाही, कारण ज्येष्ठ खेळाडूबद्दल सगळेच चांगले बोलतात. पण एक प्रसंग सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला. मार्च २०२२ मध्ये मायामी पूर्व विभागात अव्वल होता आणि आपला सर्वांत मोठा खेळाडू स्टेफन करी याच्याशिवाय उतरलेल्या गोल्डन स्टेट संघाविरुद्ध स्वतःच्याच कोर्टवर हरत होता. विश्रांतीच्या वेळी जिमी बटलर आणि स्पोल्स्ट्रा यांच्यात कडाक्याचे भांडण जुंपले, आणि त्या संघातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूसमोर उभा ठाकून त्याला सुनावणारा माणूस हॅस्लेम होता. सहकाऱ्यांना मध्ये पडून दोघांना दूर करावे लागले. हे दृश्य कोणालाही शोभादायक वाटणार नाही. तरीही सामन्यात न खेळणारा, किमान वेतनावरचा एकेचाळीस वर्षांचा माणूस संघाच्या मुख्य खेळाडूला सर्वांसमोर अडवतो, आणि तो मोसम फुटण्याऐवजी संघ विभागात पहिला येऊन विभागीय अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत जातो, याचा अर्थ त्याच्या शब्दाला तिथे काही किंमत होती असाच घ्यावा लागतो.

हेच काम तो सहायक प्रशिक्षक म्हणून करू शकला नसता का, हा या प्रकरणातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. पगारावरचा प्रशिक्षक खेळाडूला धावायला सांगतो. हॅस्लेम त्याच्याबरोबर धावत होता, त्याच तपासणीला वजनकाट्यावर उभा राहत होता आणि सरावात तरुण बॅम अडेबायोच्या छातीला पाठ लावत होता. २०१७ मध्ये आलेला अडेबायो पुढे संघाचा कर्णधार झाला आणि हॅस्लेमकडून काय शिकलो हे त्याने अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. ज्याला स्वतःसाठी कोर्टवरची मिनिटे हवी असतात तो ज्येष्ठ खेळाडू तरुणाला मनापासून घडवत नाही. हॅस्लेमने ती हाव सोडली होती, तरी अंगावर गणवेश तोच होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून तो पंधरावी जागा व्यापूनही संघाला जड झाला नाही. मात्र शेवटचे वर्ष मी या हिशेबात धरत नाही. वडील ऑगस्ट २०२१ मध्ये वारले होते, वीस मोसम पूर्ण करण्याचे वचन त्याने त्यांना दिले होते, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परतण्याची घोषणा करताना त्याने ते स्वतःच सांगितले. ते वर्ष संघाने त्याला दिले. त्यात संघाचा फायदा शोधत बसणे बरोबर नाही.

त्या वर्षी मायामी आठव्या क्रमांकावरून बाद फेरीत शिरून अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि त्या वाटेवर मार्टिन, व्हिन्सेंट, स्ट्रस व रॉबिन्सन हे न निवडलेले चौघे भर टाकत राहिले. त्यांना हॅस्लेमने घडवले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. त्यांची नेमबाजी त्यांची स्वतःची आहे. पण हॅस्लेम त्यांच्याच कपड्यांच्या खोलीत होता, आणि न निवडलेला माणूस या संघात वीस वर्षे टिकतो याचा पुरावा त्यांना शोधायला लागत नव्हता.

९ एप्रिल २०२३ रोजी, नियमित मोसमाच्या शेवटच्या दिवशी, बेचाळीस वर्षांच्या हॅस्लेमला ओरलँडोविरुद्ध सुरुवातीपासून उतरवण्यात आले आणि त्याने २४ गुण केले. ७ जून रोजी डेन्व्हरविरुद्धच्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात, निकाल जवळजवळ ठरल्यावर, तो शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरता कोर्टवर आला आणि करीम अब्दुल-जब्बारला मागे टाकून अंतिम फेरीत खेळलेला सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. मायामी ती मालिका १-४ अशी हरला. हॅस्लेमच्या खात्यावर ८७९ सामने आणि ५,७९१ रिबाउंड जमा होते, आणि एकाच संघाकडून वीस मोसम खेळणारा कोबी ब्रायंट व नोवित्झ्की यांच्यानंतरचा तो तिसरा खेळाडू होता. त्याच नोव्हेंबरात संघाने त्याला खेळाडूंच्या विकासाची जबाबदारी असलेले उपाध्यक्षपद दिले, म्हणजे सात वर्षे जे काम तो गणवेशात करत होता त्याला आता पद मिळाले. १९ जानेवारी २०२४ रोजी त्याचा ४० क्रमांकाचा गणवेश मायामीच्या छताशी चढला, आणि पंधरावी जागा तोवर दुसऱ्याला मिळाली होती.